कल्चर क्लीन, तरी जळजळ थांबेना?

ताई, तुमच्या भावाचं वाचलं. सारखा लघवीला पळतो, युरिन कल्चर (लघवीतले जंतू शोधायची तपासणी) क्लीन, अँटिबायोटिकचा तिसरा कोर्स आणि कपाटात केटामिनची पुडी, म्हणजे भुलीचं औषध जे काही जण नशेसाठी नाकाने ओढतात. माझ्या दिराचं डिट्टो. ठाण्याहून तो फास्ट सोडून स्लो पकडायचा, का तर दर स्टेशनावर उतरता येतं. आम्हाला वाटायचं, गर्दीला कंटाळला असेल.

पार्ट्या, संगत यात शिरत नाही. आमचं खरं नुकसान केलं ते एका बड्या रुग्णालयाने. दर वेळी नवा डॉक्टर, निदान तेच: इन्फेक्शन. अहो, जंतूच सापडत नाहीत तर इन्फेक्शन कसलं? तर म्हणे, कोर्स पूर्ण करा. पोरगा काही ओढतो का, हे एकाने विचारलं नाही. केटामिनने मूत्राशय खराब होतं हे 2007 पासून वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलंय! शेवटी दुसऱ्या युरॉलॉजिस्टने आम्हा सगळ्यांना केबिनबाहेर बसवलं आणि याने भडाभडा सांगून टाकलं. दुर्बिणीतून पाहिलं तर लघवीची पिशवी आतून लालबुंद. एरवी चारशे-पाचशे मिली मावतं, याला शंभरातच कळा. आणि मेख अशी की केटामिन स्वतःच वेदनाशामक. जळजळ सोसवेना म्हणून तो आणखी ओढायचा, की पुन्हा जळजळ.

मी डॉक्टर नाही, पण माझं मत ठाम आहे: ओढणं थांबल्याशिवाय गोळ्यांवर पैसे घालू नका. लवकर थांबलं तर पिशवी बरीच सावरते. उशीर झाला तर आकसते, किडनीपर्यंत जातं. युरॉलॉजी आणि मानसोपचार एकदमच सुरू करा. केईएम, सायन, नायर, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. पोलिसांची धास्ती असेल तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 64अ वकिलाकडून समजून घ्या. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला त्यात संरक्षण आहे, अटींसह. पुडी मात्र दाखवायला म्हणून पर्समध्ये घालून फिरू नका.

आणि औषधालाच शिव्या नकोत. सासूबाईंचा निखळलेला खांदा कॅज्युअल्टीत हेच देऊन बसवला. श्वास सहसा चालू राहतो म्हणून ते डॉक्टरांच्या आवडीचं. पण तिथे मॉनिटर असतो, माणसं असतात. बाथरूमची कडी लावून ओढणं वेगळं.

जाता जाता: मेडिक्लेमवर विसंबू नका. नशेच्या पदार्थांमुळे झालेला आजार बहुतेक पॉलिसींत वगळलेला असतो. आम्हाला हे डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर कळलं, तेही तासभर ताटकळल्यावर. ॲडमिट करण्याआधी पॉलिसीतली वगळलेल्या आजारांची यादी काढून वाचा.