वाचकांचे प्रश्न : खारा वारा आणि घरातला एसी

उन्हाळा लागला की किनारपट्टीवरून येणाऱ्या पत्रांत एसीच्या तक्रारी वाढतात. त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण उरलेल्या पत्रांतील बऱ्याच दुखण्यांचे मूळ त्याच्या उत्तरात सापडते.

प्रश्न : आमचे घर मालवण तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. चार वर्षांपूर्वी दीड टनाचा एसी घेतला. तांब्याची कॉइल खाऱ्या हवेत टिकते, असे दुकानदाराने सांगितल्यामुळे जास्तीचे पैसेही मोजले. पावसाने खराब होऊ नये म्हणून आउटडोअर युनिटवर पत्र्याचे छप्पर करून घेतले. तरीही मागच्या जाळीला हात लावला की पांढरा भुगा पडतो आणि गेली दोन वर्षे दर मार्चमध्ये गॅस भरावा लागतो. समुद्राजवळ गॅस लवकर संपतो, असे मेकॅनिक म्हणतो. हे खरे आहे का?

उत्तर : गॅस संपत नाही. तो स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस पुन्हा पुन्हा फिरत असतो आणि नळ्या व जोड शाबूत असतील तर वर्षानुवर्षे त्याला हात लावावा लागत नाही. दर मार्चमध्ये गॅस भरावा लागतो याचा अर्थ एवढाच की कुठेतरी गळती आहे आणि ती शोधण्याचे काम कोणी केलेले नाही. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे थोडे तेलही बाहेर येत असल्यामुळे गळतीच्या जागी तेलकट, धूळ धरलेला डाग पडतो. तो आधी आउटडोअर युनिटच्या बाजूला असलेल्या पितळी नटांच्या जोडांवर पाहावा, कारण सर्वांत जास्त गळती तेथेच सापडते. मेकॅनिकला नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने प्रत्येक जोड तपासायला सांगावे, गळती बंद झाल्यावर व्हॅक्युम पंप लावून नळ्यांतील हवा आणि ओल काढायला सांगावी, आणि त्यानंतरच युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरून घ्यावा. ‘वरून थोडा मारून देतो’ या वाक्यावर पैसे देऊ नयेत. सध्याच्या बहुतेक एसींमध्ये असणारा आर-३२ हा गॅस काही प्रमाणात ज्वलनशील आहे, त्यामुळे गळती तशीच ठेवून वरचेवर गॅस भरत राहणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही बरे नाही.

आता तांब्याविषयी. दुकानदाराने सांगितले ते अर्धेच खरे आहे. नळ्या तांब्याच्या असतात, परंतु त्या नळ्यांवर ओवलेली, कागदासारख्या पातळ पत्र्यांची जी जाळी तुम्हाला मागून दिसते, ती अॅल्युमिनियमची असते. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असले आणि त्यांच्यावर खाऱ्या पाण्याचा ओलावा राहिला, की त्यांची एक छोटी बॅटरीच तयार होते. या बॅटरीत अॅल्युमिनियम झिजते आणि तांबे वाचते. तुमच्या हाताला लागणारा पांढरा भुगा म्हणजे त्या झिजलेल्या अॅल्युमिनियमची राख समजा. पत्र्या नळीपासून सुटल्या की उष्णता बाहेर टाकायला जागा उरत नाही, कॉम्प्रेसरला जास्त दाबाविरुद्ध काम करावे लागते, विजेचे बिल वाढते आणि खोली मात्र पूर्वीसारखी थंड होत नाही. तांब्याची नळी दुरुस्तीला सोपी असते, हा तिचा खरा गुण आहे आणि त्यासाठी ती जरूर घ्यावी. पण तिच्यामुळे जाळी टिकेल, असे समजण्यात अर्थ नाही.

हा ओलावा पाऊस नसतानाही कोठून येतो, हे समजून घ्यायचे असेल तर स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीकडे पाहावे. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड मिसळलेले असते आणि ते तर याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेतही ओले होते, म्हणूनच खडे मिठाला इतके लवकर पाणी सुटते. दुपारनंतर खारे वारे सुटले की फुटणाऱ्या लाटांचे बारीक तुषार आपल्याबरोबर मीठ घेऊन येतात आणि ते जाळीच्या फटींमध्ये बसते. पंखा दिवसभर तीच हवा जाळीतून ओढत असतो. म्हणजे तुमच्या भिंतीवर जी टांगलेली आहे ती एका अर्थाने मिठाची उघडी बरणीच आहे.

आता छपराबद्दल, आणि हे वाचून आपण थोडे नाराज व्हाल. आउटडोअर युनिट पावसात उभे राहण्यासाठीच बनवलेले असते. पाऊस त्याचा शत्रू नाही, उलट फुकट काम करणारा गडी आहे, कारण तो साचलेले मीठ धुऊन नेतो. छपराखाली मीठ येते, पाऊस मात्र येत नाही. खिडकीच्या ग्रिलचा उघड्यावरचा भाग बरा असतो आणि छज्जाखालचा भाग गंजून फुगलेला असतो, हे किनाऱ्यावरच्या कोणत्याही घरात पाहता येईल. रत्नागिरीच्या आमच्या घरी एकाच दिवशी बसवलेली दोन युनिटे होती. गच्चीवर उघड्यावर असलेले अजूनही चालते, आणि समुद्राच्या बाजूला छज्जाखाली अगदी जपून ठेवलेल्या युनिटची जाळी तिसऱ्या पावसाळ्यानंतर बोटाने चुरू लागली. हा धडा मी पैसे देऊन शिकलो आहे.

तेव्हा छप्पर काढून टाकावे, आणि ऑक्टोबर ते मे या कोरड्या महिन्यांत दर पंधरा दिवसांनी पावसाचे काम आपण करावे. एमसीबी (विजेच्या पेटीतला एसीचा खटका) बंद करून अर्धा तास थांबावे आणि बागेच्या साध्या नळीने मागची व बाजूची जाळी वरून खाली, सावकाश, फटींमधून पाणी वाहून जाईल अशी धुवावी. नळीच्या तोंडावर अंगठा दाबून जोरदार फवारा मारू नये आणि गाड्या धुण्याचा प्रेशर पंप तर मुळीच वापरू नये, कारण पातळ पत्र्या वाकल्या की हवा अडते. पुढचे झाकण उघडू नये. इन्व्हर्टर एसीच्या सर्किटमधील कपॅसिटर वीज साठवतो आणि पुरवठा बंद केल्यानंतरही काही काळ त्यात विद्युतभार शिल्लक राहतो. स्वच्छतेसाठी म्हणून अॅसिड किंवा कॉस्टिक असलेले द्रावण कोणी आणले तर त्याला दारातूनच परत पाठवावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाणी गोडे असले पाहिजे. किनाऱ्यालगतच्या अनेक विहिरींचे पाणी मे महिन्यात मचूळ होते, आणि त्या पाण्याने जाळी धुणे म्हणजे मीठ काढून मीठ लावण्यासारखे आहे. साबणाला नीट फेस येत नसेल किंवा जिभेला खारट चव लागत असेल, तर नळपाण्याच्या दोन बादल्या आणि तांब्या एवढ्यावर काम भागवावे.

तुमच्या युनिटची जाळी आधीच चुरू लागली असेल तर धुण्याने ती परत येणार नाही. गळती जोडावर नसून कॉइलमध्ये निघाली, तर जुन्यावर खर्च करण्यापेक्षा नवीन युनिटचा विचार करावा. नवीन घेताना जाळीवर गंजरोधक लेप आहे का आणि किनारी भागात वॉरंटी लागू आहे का, हे लेखी विचारावे. निळा किंवा सोनेरी रंग म्हणजेच उत्तम लेप, असे मात्र नाही. रंग कोणताही देता येतो. असा लेप नव्या, स्वच्छ जाळीवरच उपयोगी पडतो. गंजलेल्या जाळीवर फवारला तर मीठ आत कोंडले जाते. जागा शक्यतो समुद्राकडे पाठ असलेल्या भिंतीवर निवडावी. युनिट ज्यावर उभे आहे त्या लोखंडी ब्रॅकेटकडेही वर्षातून एकदा पाहावे, कारण तीस-चाळीस किलोचे धूड गंजलेल्या दोन बोल्टांवर टांगलेले असते आणि त्याच्या खालून माणसे ये-जा करतात.

प्रश्न : आम्ही रत्नागिरी शहरात राहतो. पावसाळ्यात रात्री झोपण्याच्या खोलीतील एसी १८ अंशांवर लावतो. या खोलीची आणि शेजारच्या खोलीची मधली भिंत शेजारच्या खोलीच्या बाजूने ओलसर लागते आणि तिच्यावर काळी बुरशी धरली आहे. गवंडी म्हणतो की गळती आहे, पण छतावर काहीच सापडले नाही.

उत्तर : गवंड्याला थांबवा. पावसाळ्यात २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश असतो, म्हणजे त्याहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर ती हवा पाणी सोडते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसा घाम येतो, तसाच घाम तुमच्या भिंतीला पलीकडच्या बाजूने येत आहे. एसी २५-२६ अंशांवर ठेवून छताचा पंखा हळू फिरवला तर तेवढाच आराम मिळतो आणि भिंत कोरडी राहते. भारतात २०२० पासून नवीन खोली-एसी सुरू होताना आपोआप २४ अंशांवर यावेत असा नियम आहे. जुलैत किनाऱ्यावर त्याहीपेक्षा थोडे वर राहिलेले चांगले. ज्या दिवशी उकाडा नसून केवळ दमटपणा आहे, त्या दिवशी रिमोटवरील ‘ड्राय’ मोड वापरावा.

एसीच्या नळ्यांसाठी भिंतीत पाडलेले भोक बाहेरून पुट्टीने नीट बुजवले आहे का, हेही पाहावे. अनेक घरांत ते उघडेच असते आणि रात्रभर त्यातून ओली हवा आत येत राहते. खोलीत कपडे वाळत घालू नका, असे लिहिण्याचा मोह होतो, पण कोकणातल्या जुलैमध्ये ते दुसरीकडे कोठे वाळणार, हेही खरेच आहे. निदान त्या वेळी ‘ड्राय’ मोड चालू असावा आणि ड्रेन पाइप तुंबलेला नसावा. दमट हवेत एसी तासाला लिटरभर पाणीसुद्धा काढतो, आणि पाइपमध्ये शेवाळाचा बुळबुळीत गोळा अडकला की ते पाणी इनडोअर युनिटमधून गादीवर ठिबकते.

प्रश्न : अलिबागजवळ आमच्या घरी बोअरचे पाणी थोडे खारट आहे. गीझरची टाकी तीन वर्षांत गळू लागली. दुसरा घेतला तर तोही असाच जाईल का?

उत्तर : काळजी घेतली नाही तर जाईल. पहिल्या उत्तरातील बॅटरी येथे मुद्दाम आपल्या बाजूने वापरलेली असते. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी बसवलेली असते, जिला मेकॅनिक एनोड रॉड म्हणतात; ती स्वतः झिजते आणि टाकीचे पोलाद वाचवते. मासेमारीच्या ट्रॉलरला पाण्याखाली जस्ताच्या वड्या बसवतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे, आणि ते जहाजांसाठी हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्येच मांडले होते. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहत असल्यामुळे कांडी लवकर संपते, आणि ती संपली की टाकीची पाळी येते. वर्षातून एकदा टाकी रिकामी करून तळाचा गाळ काढावा, कांडी पेन्सिलीइतकी बारीक झाली असेल तर बदलावी आणि तापमान ६० अंशांच्या वर नेऊ नये.

प्रश्न : देवगडचे घर पावसाळ्यात चार महिने बंद असते. आउटडोअर युनिट प्लास्टिकने गुंडाळून ठेवू का?

उत्तर : नको. प्लास्टिकखाली मीठ आणि ओल दोन्ही कोंडली जातात. जाण्यापूर्वी जाळी गोड्या पाण्याने धुवावी, इनडोअर युनिटचे फिल्टर धुऊन पूर्ण वाळवावेत, अर्धा तास नुसता फॅन मोड चालवून आतली कॉइल कोरडी करावी आणि मगच एमसीबी बंद करावा. शेजारी विश्वासाचे असतील तर महिन्यातून एकदा तासभर एसी चालवायला सांगावे. रिमोटमधले सेल काढून ठेवायला विसरू नये. दमट हवेत ते फुटतात आणि रिमोटच्या स्प्रिंगा खाऊन टाकतात.