मलमाने एक्झिमा ‘दाबला’ म्हणून मुलाला दमा झाला, असं होमिओपॅथ म्हणतात. यात तथ्य किती?

चार वर्षांच्या मुलाचा कोपराच्या आणि गुडघ्याच्या खाचेतला एक्झिमा स्टेरॉइड मलमाने गेला, सहा महिन्यांनी छातीत घरघर सुरू झाली आणि आता मलम व इनहेलर दोन्ही बंद करायचा सल्ला मिळालाय, असं तुम्ही लिहिलंय. आधी एवढंच सांगतो: इनहेलर बंद करू नका. आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

होमिओपॅथीत पुरळ म्हणजे रोग नव्हे. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांच्या मते रोग म्हणजे जीवनशक्तीचा बिघाड, आणि हा आतला बिघाड सौम्य ठेवण्यासाठी ती कातडीसारख्या कमी महत्त्वाच्या जागी काहीतरी उठवते. बाहेरचं मलमाने पुसलं की वाट बंद होते आणि रोग फुप्फुसांकडे वळतो. यालाच ते दाबणं म्हणतात. पुढे हेरिंग या होमिओपॅथ डॉक्टरांनी १८४५ मध्ये बरं होण्याची दिशा मांडली: आतून बाहेर, वरून खाली, महत्त्वाच्या अवयवाकडून कमी महत्त्वाच्या अवयवाकडे आणि लक्षणं आली त्याच्या उलट क्रमाने. म्हणून दमा कमी होऊन पुरळ परत उठलं, तर होमिओपॅथ खूश होतात.

त्यांनी पाहिलेला क्रम खोटा नाही. एक्झिमा, मग दमा किंवा सर्दी-शिंका, असं एकाच मुलात पुष्कळदा दिसतं. चुकतंय ते कारण. या मुलांची कातडी मुळात गळकी असते. बऱ्याच जणांत फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकात दोष असतो. चिरांमधून धूळ-माइट (धुळीतले सूक्ष्म किडे), अन्नातले कण आत शिरतात आणि शरीर त्यांच्याविरुद्ध तयार होऊन बसतं. एक्झिमा जितका जोरदार, तितकी दम्याची शक्यता जास्त. आणि जोरदार एक्झिम्यालाच मलम जास्त लागतं. मग आळ मलमावर येतो. मलम न लावलेल्या मुलांनाही दमा होतोच.

मला या सिद्धांतात सगळ्यात खटकतं ते वेगळंच. तो कधी हरतच नाही. होमिओपॅथीच्या गोळ्यांनंतर त्रास वाढला तर ‘औषध लागू पडलं’, नवं पुरळ आलं तर ‘रोग बाहेर पडतोय’, काहीच झालं नाही तर ‘कॉफी किंवा कापराने औषधाचा गुण मारला’. शिवाय ३०सी पोटेन्सी म्हणजे शंभरपट पातळ करणं तीस वेळा. साधारण १२सीच्या पुढे मूळ पदार्थाचा एक रेणूही उरण्याची शक्यता नगण्य.

‘दाबणं’ एका बाबतीत मात्र अगदी खरं आहे. नायट्याला स्टेरॉइडमिश्रित मलम लावलं की लाली-खाज थांबते, पण बुरशी निवांत पसरते आणि चट्ट्याची कडा ओळखूच येत नाही. दुकानातून न विचारता आणलेल्या ‘ऑल इन वन’ ट्यूबचा हा प्रताप. मुलाचा तो एक्झिमाच आहे ना, हे त्वचारोगतज्ज्ञाकडून पक्कं करून घ्या.

एक्झिमाच असेल तर ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम; ती मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. भीतीपोटी चिमूटभर लावल्याने एक्झिमा अर्धवट राहतो, मग मलम महिनोन्‌महिने चालतं, आणि ‘सवय लागली’ असं वाटतं. मॉइश्चरायझर मात्र सढळ हाताने, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच. आठवड्याला २५० ग्रॅम संपलं तरी ते जास्त नाही. चेहरा आणि जांघेत सौम्य मलमच, तेही डॉक्टरांनी सांगितलेले दिवस.

होमिओपॅथीच्या गोळ्या सोबत द्यायच्या असतील तर द्या, त्यावर मी वाद घालणार नाही. पण श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, वाक्य एका दमात पुरं होत नाही किंवा ओठ निळसर दिसतात, असं झालं तर रिलिव्हर (लगेच आराम देणारा) इनहेलर स्पेसरमधून, म्हणजे त्याला जोडायच्या नळकांड्यातून, देत थेट दवाखाना गाठा. ‘रोग बाहेर पडेल’ म्हणून रात्र काढू नका.