३ अब्ज वर्षं जुना ग्रॅनाइट सापडला, म्हणजे तिथे सबडक्शन (एक प्लेट दुसरीखाली सरकणं) झालंच असं म्हणता येतं का?

नुसत्या रासायनिक पृथक्करणावरून नाही. ग्रॅनाइट कुठल्या परिस्थितीत तयार झाला हे इट्रियमसारख्या मूलद्रव्यांवरून ठरवणाऱ्या, पिअर्स आणि सहकाऱ्यांच्या १९८४ च्या आलेखात तुमच्या नमुन्यांचे बिंदू 'ज्वालामुखी चाप' (सबडक्शनच्या वर तयार होणारी ज्वालामुखींची रांग) या भागात पडले, हे तुम्ही लिहिलेलं वाचलं. पण ते आलेख आखले गेले तुलनेने तरुण ग्रॅनाइटवरून, जे कुठल्या परिस्थितीत तयार झाले हे आधीच माहीत होतं. इतक्या जुन्या खडकांना तेच निकष जसेच्या तसे लावणं मला धोक्याचं वाटतं.

त्या काळचे बहुतेक 'ग्रॅनाइट' खरं तर टोनालाइट, ट्रॉन्ड्येमाइट आणि ग्रॅनोडायोराइट हे ग्रॅनाइटसारखेच दिसणारे खडक असतात. त्यांत सोडियम भरपूर, पोटॅशियम कमी, स्ट्रॉन्शियम जास्त आणि इट्रियम फारच कमी. हे कुठून येतं ते बघा. पाणी धरून ठेवलेला बसाल्ट साधारण ४०-५० किलोमीटर किंवा त्याहून खोल अर्धवट वितळला, की मागे उरलेल्या खडकात गार्नेट हे खनिज राहतं आणि ते इट्रियम अडवून ठेवतं. स्ट्रॉन्शियम धरून ठेवणारं प्लॅजिओक्लेज हे खनिज मात्र तिथे टिकत नाही, म्हणून स्ट्रॉन्शियम शिलारसात जातं. इट्रियम कमी झालं की बिंदू आपोआप 'चापा'च्या बाजूला सरकतो. म्हणजे तुमच्या आलेखाने खोली सांगितली आहे, प्लेटची हालचाल नाही.

तेवढ्या खोलीवर ओला बसाल्ट दोन प्रकारे पोहोचू शकतो. खाली सरकणारी प्लेट स्वतःच वितळते, कारण तेव्हा प्रावरण आजच्यापेक्षा बरंच तप्त होतं. किंवा लाव्ह्यांचे थर एकावर एक साचून भूकवच इतकं जाड होतं की त्याचा तळ वितळतो. यात सबडक्शनची गरजच नाही. ऑस्ट्रेलियातल्या पिल्बारामध्ये ग्रॅनाइटचे प्रचंड घुमट आहेत आणि त्यांच्यामध्ये हरितशिलांचे (मुख्यतः जुन्या, रूपांतरित लाव्ह्यांचे) पट्टे खाली खचलेले दिसतात. ही रचना मला दुसऱ्या शक्यतेकडे झुकणारी वाटते. काही अभ्यासक अर्थातच याच्याशी सहमत नाहीत.

म्हणून आधी नकाशा बघा: घुमट आहेत की लांबट, एका दिशेने कललेले पट्टे? मग झिरकॉन या टिकाऊ खनिजाचं वय आणि त्यातल्या ऑक्सिजनची समस्थानिकं. ऑक्सिजन-१८ जास्त असेल, तर मूळ खडकाचा पृष्ठभागाजवळच्या पाण्याशी संबंध आला होता.

तुमच्या भागात सॅनुकिटॉइड नावाचे ग्रॅनाइटसारखे खडक मिळतात का, हेही जरूर तपासा. त्यांत मॅग्नेशियमही जास्त आणि पोटॅशियम, बेरियमही जास्त. म्हणजे कवचातला माल प्रावरणात मिसळल्याची खूण. ते मुख्यतः ३ अब्ज वर्षांनंतरच्या खडकांत दिसतात, आणि सबडक्शनच्या बाजूने मला तोच पुरावा अधिक भक्कम वाटतो.