साइज जुळतोय, तरी हॅश तपासायचा का?

तुम्ही विचारलंय, मित्राच्या पेन ड्राइव्हवरून उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) आणली, साइज बरोबर आहे, मग हॅशची, म्हणजे फाइलवरून काढलेल्या ठशाची, ती लांबलचक अक्षरं कशाला जुळवत बसायची?

सांगलीत विश्रामबागला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि हाच शहाणपणा मीही केलाय. एका गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपवर इन्स्टॉलेशन दर वेळी निम्म्यात अडकायचं. रॅम बदलली, हार्ड डिस्कला शिव्या घातल्या, दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी हॅश काढला तर भलताच! माझा पेन ड्राइव्ह मरायला टेकला होता, कॉपी करतानाच फाइल बिघडलेली. साइज मात्र बाइटला बाइट तोच.

साइज म्हणजे पोत्याचं वजन. हळदीच्या पोत्यात तेवढीच माती भरली तर काट्याला काय कळणार? म्हणून मार्केट यार्डात व्यापारी हळद हातात घेऊन बघतो. हॅश तर फाइलचा एकेक बाइट वाचून निघतो. एक बिट हलला तरी शा-२५६ या पद्धतीच्या हॅशची ६४ अक्षरं पार बदलतात. फाइलच्या नावाशी त्याचं देणंघेणं नाही. 'सेटअप', 'सेटअप १', 'सेटअप नवीन' यातलं नेमकं कुठलं काय, हे मी हॅशवरूनच ओळखतो.

विंडोजवर सेव्हन-झिप हे झिप फाइली उघडायचं सॉफ्टवेअर असेल तर फाइलवर राइट क्लिक करून 'सीआरसी शा'मध्ये शा-२५६ निवडा. मिळालेला हॅश आणि उबुंटूच्या साइटवरचा हॅश नोटपॅडमध्ये एकाखाली एक पेस्ट करा. नुसती पहिली-शेवटची चार अक्षरं बघून उठू नका. कुठे फक्त एमडी-५ हा जुन्या पद्धतीचा हॅश दिसला तर तो बिघाड पकडण्यापुरताच धरा. दोन वेगळ्या फाइलींचा एकच एमडी-५ मुद्दाम बनवता येतो, हे २००४ पासून माहीत आहे.

हॅश मित्राकडून घेऊ नका, हे तर आलंच. पण साइटच फोडली असेल तर? फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या उबुंटूसारख्याच सिस्टिमच्या साइटवर शिरून कुणीतरी डाउनलोडची लिंक बॅकडोअर (आत शिरायची चोरवाट) असलेल्या आयएसओकडे वळवली होती. असा घुसखोर शेजारचा हॅशही बदलू शकतो. त्यासाठी उबुंटू हॅशच्या यादीसोबत जीपीजी सही (यादी खरंच त्यांचीच आहे हे पडताळायची डिजिटल सही) देतं. तीही तपासलीत तर उत्तमच.

आणि हॅश जुळला नाही तर आधी मित्राला फोन करा. त्याने ती फाइल अजून चौघांना दिलेली असणार.