बाल्कनीची चीर

प्रश्न : साताऱ्याजवळ नवीन घर बांधले. बाल्कनीच्या स्लॅबला भिंतीलगत वरून लांबच लांब चीर गेली आहे. गवंडी म्हणतात, सिमेंटने बुजवू. इंजिनिअर म्हणतात, ड्रॉइंग बरोबर आहे. चूक कोणाची?

उत्तर : आधी बुजवू नका! कुंड्या, टाकी उतरवा, वर कोणी उभे राहू नका आणि खाली पक्क्या पायावर टेकू लावून घ्या.

बाल्कनी एकाच बाजूला धरलेली असते. तिला ताण वरच्या बाजूला बसतो, म्हणून मुख्य सळई वर हवी. खोलीच्या स्लॅबमध्ये मधोमध नेमके उलटे. काँक्रीटच्या दिवशी घमेली घेतलेली माणसे त्याच सळयांवरून नाचतात आणि जाळी खाली बसते. १२५ मिमीच्या स्लॅबमध्ये १० मिमीची सळई ४० मिमी खचली, की ताकद जवळजवळ निम्मी होते. वरून स्लॅब गुळगुळीतच दिसतो.

माझ्या उमेदवारीच्या काळात असेच झाले होते. मीही ‘ड्रॉइंग बरोबर आहे’ असेच ऐकवले होते. पण जाळी उचलून धरणाऱ्या चेअर (वाकवलेल्या सळईचे आधार) किती अंतरावर, हे मी कागदावर लिहिलेच नव्हते. काँक्रीटच्या दिवशी साइटवरही गेलो नव्हतो. मुकादमाला एकट्याला कसा दोष देणार?

तेव्हा तुमच्या ड्रॉइंगमध्ये चेअर दाखवल्या आहेत का, ते पाहा. कव्हर मीटरने सळई किती खोल आहे ते मोजता येते, फोडाफोडी लागत नाही. हे काम तिऱ्हाईत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्या. टेकू तोवर काढू नका.