गोचिडीच्या लाळेत आहे तरी काय?

प्रश्न: मॅडम, आमच्या कुत्र्याच्या कानामागे गोचीड चार-चार दिवस चिकटून असते, पण तो खाजवतसुद्धा नाही. डास चावला की आपला हात लगेच जातो, मग गोचिडीचं का कळत नाही? आणि तुम्ही तिच्या लाळेवर संशोधन करता म्हणजे नेमकं काय करता?

उत्तर: डास मिनिट-दोन मिनिटांत काम उरकून उडतो. गोचिडीचा मुक्काम लांबतो. कठीण पाठीच्या जातींची मादी आठवडाभरही तळ ठोकते आणि उपाशीपोटीच्या वजनाच्या शंभरपट फुगून मगच गळून पडते. एवढा वेळ ज्याचं रक्त जातंय त्याचं शरीर गप्प थोडंच बसणार? रक्त गोठवणं, खाज, सूज, पांढऱ्या पेशींची धाड असं सगळं ते करू पाहतं आणि गोचीड त्या प्रत्येकावर लाळेतून उतारा सोडते. प्लेटलेटना गोळा करणारा एडीपी तोडायला अ‍ॅपायरेझ हे विकर असतं. खाज आणणारं हिस्टामिन काही जातींतली लायपोकॅलिन प्रथिनं धरून ठेवतात. पांढऱ्या पेशींना बोलावणाऱ्या केमोकाइनची बोलती इव्हेसिन नावाची प्रथिनं बंद करतात. वर, रक्तातलं नको असलेलं पाणी ती लाळेवाटे ज्याचं रक्त पिते त्याच्याच अंगात परत ओतते. रोगजंतूंना आयती वाट मिळते ती इथेच.

ही लाळ मिळवणं हे चिकाटीचं काम आहे. अर्धवट रक्त प्यालेली गोचीड काचपट्टीवर चिकटपट्टीने उताणी बसवायची, तिच्या सोंडेवर अगदी बारीक काचनळी चढवायची आणि लाळ सुटायला लावणारं पिलोकार्पिन हे औषध द्यायचं. पाय हलत राहतात आणि नळीत पारदर्शक थेंब हळूहळू पुढे सरकतो. हाती लागते ती मायक्रोलिटरमध्ये मोजावी एवढीच. कधी लाळग्रंथीच काढून घेतो. सूक्ष्मदर्शकाखाली ती द्राक्षाच्या घडासारखी दिसते. नवीन विद्यार्थी पहिल्यांदा तिथे आतडंच फोडतात आणि सगळा नमुना रक्ताने काळपट होतो. पुढचं काम म्हणजे प्रथिनं वेगळी करायची, ओळखायची आणि एकेक तपासायचं की हे नक्की कशाला अडवतं.

प्रश्न: गोचिडी इतके रोग पसरवतात, तर प्रत्येक जंतूची वेगळी लस करण्यापेक्षा गोचिडीविरुद्धच एक लस का करत नाहीत?

उत्तर: कल्पना जुनी आहे. गोचिडी एकदा चावून गेलेल्या गिनीपिगवर पुढच्या खेपेच्या गोचिडींचं पोट नीट भरत नाही, हे परजीवीशास्त्रज्ञ विल्यम ट्रेगर यांनी १९३९ मध्येच दाखवलं. गुरांसाठी लस आलीसुद्धा. बीएम८६ हे गोचिडीच्या आतड्यातलं प्रथिन वापरून १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि क्यूबात ती बाजारात आली. लस टोचलेल्या गुराचं रक्त गोचीड पिते, त्यातली प्रतिद्रव्यं तिच्या आतड्याच्या पेशींवर तुटून पडतात आणि ती अंडी कमी घालते.

माणसासाठी मात्र गोचीड अंडी घालेपर्यंत थांबून चालणार नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या गटाने लाळेतल्या १९ प्रथिनांची एमआरएनए लस गिनीपिगना दिली. चाव्याची जागा लाल झाली, गोचिडी लवकर सुटल्या आणि गोचिडीतून येणाऱ्या लाइम रोगाचा जिवाणू, बोरेलिया, गिनीपिगच्या अंगात शिरला नाही. छान वाटतं ना? पण गिनीपिग मुळातच गोचिडींना प्रतिकार करायला शिकतो, उंदीर शिकत नाही. माणूस या दोघांपैकी कुणाच्या जवळचा, यावर पुष्कळ काही ठरेल. शिवाय लाळेत एकाच कामाला अनेक प्रथिनं असतात, एक अडवलं तर दुसरं हजर. बोरेलियाही कमी नाही. साल्प१५ हे लाळेतलं प्रथिन तो अंगावर चढवून प्रतिद्रव्यांपासून लपतो.

म्हणून माझा कल आतड्याकडे आणि पचनाकडे जास्त आहे. गोचिडीला हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा भाग, स्वतः बनवता येत नाही, ते यजमानाच्या हिमोग्लोबिनमधूनच घ्यावं लागतं. हिमोग्लोबिन नसलेला रक्तद्रव पाजलेल्या माद्यांनी अंडी घातली, पण त्यातून पिल्लं निघाली नाहीत. असा कच्चा दुवा लाळेत सहसा सापडत नाही. त्या चावणाऱ्या मादीपासून हा मार्ग तुम्हाला वाचवणार नाही, हे खरं. पण पुढची पिढी कमी होईल.

प्रश्न: चिकटलेली गोचीड रॉकेल लावून किंवा काडीचा चटका देऊन काढावी का?

उत्तर: दोन्ही नको. त्यात वेळ जातो आणि डिवचलेली गोचीड जास्त लाळ सोडू शकते. टोकदार चिमट्याने त्वचेलगत धरा आणि न पिळता सरळ वर ओढा. बोरेलिया आधी तिच्या आतड्यात असतो. रक्त आल्यावर तो अंगावरचं ओएसपीए प्रथिन टाकून ओएसपीसी चढवतो आणि मग लाळग्रंथीकडे निघतो. त्यामुळे त्याला सहसा एक दिवसाहून जास्त लागतो. पण गोचिडीतूनच येणारा पोवासान विषाणू उंदरांमध्ये १५ मिनिटांत शिरल्याचं प्रयोगात दिसलंय, तेव्हा दिसली की काढा. जागा साबणाने धुवा आणि गोचीड अल्कोहोलच्या बाटलीत ठेवून तारीख लिहा. पुढे ताप आला किंवा चट्टा उठला तर डॉक्टरांना जात ओळखायला ती उपयोगी पडते.