लोकांचे मोठे फोटो त्यांना सोबत घेऊनच भिंतीवर चिकटवायचे आहेत. कागद आणि खळ कशी असावी?

कागद साधा, 80 जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला 80 ग्रॅम). जाड कागद खडबडीत भिंतीवर बसत नाही, कडा सुटतात. प्रिंट लेझरचीच काढा; इंकजेटची शाई बहुतेक वेळा ओल्या खळीत पसरते. 1 वाटी मैदा थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, 4 वाट्या उकळत्या पाण्यात ओतून दाट होईपर्यंत ढवळा. भिंतीला खळ, मग कागद, वरून पुन्हा खळ. ब्रश मधून कडेकडे फिरवा, नाहीतर बुडबुडे राहतात.

पावसात हे टिकणार नाही. जेआर या फ्रेंच कलाकाराने 2009 मध्ये केनियातल्या किबेरा झोपडपट्टीत छपरांवर फोटो छापलेलं जलरोधक व्हिनाइल (प्लास्टिकचं कापड) लावलं, घरांनाही त्याचा उपयोग झाला.

संमती दोनदा घ्या: फोटो काढताना आणि छापण्याआधी, आकार व जागा दाखवून. खरी भांडणं इथेच होतात. भिंतीच्या मालकाची परवानगी वेगळी, लेखी.